घोडीची डावी बाजू

आळेफाट्याला मला सगळे आराम करायला सांगतात. शेजारीण सांगते, गिरणीवाला सांगतो. मुलाच्या गॅरेजात टायर बदलायला थांबलेला अनोळखी ट्रकवालासुद्धा मी खुर्चीत बसलेली दिसले की म्हणतो, "बसा मावशी, आता काय, आरामच करायचा." मला त्या शब्दाचा राग येतो. आराम दमलेल्या माणसानं करायचा असतो, आणि मी ऑपरेशन झाल्यापासून एकदाही धड दमलेली नाही.

माझं सासर बेल्ह्याजवळच्या माळावरचं, मेंढरं राखणारं. दिवाळी झाली की मेंढरं, घोड्या, कुत्री, कोंबड्या आणि लेकरंबाळं असं सगळं बिऱ्हाड माळशेज घाट उतरून कोकणात जातं, आणि पावसाच्या तोंडावर वर येतं. मी दहावी शिकलेली, लग्न होईपर्यंत एकाच घरात झोपलेली मुलगी. पहिल्या वर्षी चालून पायाला फोड आले तेव्हा माहेरी निघून जायची धमकी दिली होती. कुणी मनावर घेतली नाही. पुढं मलाच अशी सवय लागली की एका शेतात मुक्काम लांबला की माझी चिडचिड सुरू व्हायची, आणि आमचे हे म्हणायचे, "हिला चालायला लावा, न्हायतर भांडणं लावील."

निघायच्या दिवशी पुरुष मेंढरं घेऊन उजाडायच्या आत पुढं जातात. मागचं सगळं बायकांचं. चूल मोडायची, वाघर गुंडाळायची (मेंढरं रात्री जिच्या आत कोंडतात ती जाळी), पीठ-मीठ, भांडी, घोंगड्या पोत्यांत भरायच्या आणि सगळं घोडीवर लादायचं. घोडीवर ओझं एकटीला लादता येत नाही. दोन्ही अंगांना सारख्या वजनाची पोती लागतात आणि दोन्ही अंगांना एकेक बाई लागते. उजव्या अंगाला माझी थोरली जाऊ असायची, डाव्या अंगाला मी. मध्ये घोडीची पाठ, त्यामुळे एकमेकींचं तोंड दिसत नसे. जाऊ नुसतं "हं" म्हणायची आणि आम्ही एका दमात उचलायचो. एकीचा श्वास जरा मागं पडला तरी ओझं कलतं आणि घाटात घोडीची पाठ सोलवटते. मग घोडीच्या पोटाखालून दोर घ्यायचा, तिच्या बरगडीला पाय लावायचा आणि दोघींनी दोन बाजूंनी ओढून गाठ मारायची. वर कोकरांच्या झोळ्या, त्याच्यावर कोंबड्यांची डालगी.

जाऊ आणि मी कशावरून भांडलो नाही असं नाही. मिठावरून, सरपणावरून, कुणाच्या पोरानं कुणाच्या पोराला ढकललं यावरून भांडलो. कधी कधी कितीतरी दिवस बोलायचो नाही. पण अबोला असला तरी सकाळी "हं" यायचं आणि माझे हात त्या क्षणी वर जायचे. नवऱ्याशीसुद्धा माझं इतकं कधी जमलं नाही, आणि हे मी त्यांच्या तोंडावर सांगितलेलं आहे.

दुखणं कधी सुरू झालं ते सांगता येत नाही. अर्धी भाकरी खाल्ली की छातीत काहीतरी येऊन बसायचं. आडवं झालं की आंबट पाणी घशाशी यायचं, वाकून शेळी पिळायला बसलं तर खाल्लेलं वर यायचं. घाट चढताना धाप लागायची. बसून जेवलं की त्रास जास्त, म्हणून मी उभ्यानं जेवायला लागले. जाऊ हसायची. "धाकटे, घोडीवानी उभ्या उभ्या चरती व्हय गं?" जवळच्या डॉक्टरांनी पित्ताच्या गोळ्या दिल्या. पुढं छातीची पट्टी काढली, ती चांगली आली, आणि पुन्हा पित्ताच्या गोळ्या दिल्या. दोघातिघांनी मला चहा सोडायला सांगितलं. मी चहा सोडला नाही.

मग एका वर्षी वर येताना, घाटाखालच्या मुक्कामावर, जाऊ "हं" म्हणाली, मी उचललं, आणि बरगड्यांच्या मधोमध अशी कळ आली की हात सुटले. पोतं खाली आलं, घोडी बिथरली, पिठात माती झाली. इतक्या वर्षांत माझ्या बाजूचं ओझं पहिल्यांदा पडलं होतं. जाऊ घोडीला वळसा घालून आली. रागावेल असं वाटलं होतं. तिनं माझं तोंड पाहिलं आणि तिचाच चेहरा उतरला. "तू पांढरी पडलीस की," ती म्हणाली.

मुलानं पुण्याला नेलं. अंगात रक्त कमी निघालं. दुर्बीण घातली, मोठ्या मशिनीतून फोटो काढले. सर्जननं मुलाला आणि मला समोर बसवून फोटो दाखवला. छाती आणि पोट यांच्यामध्ये स्नायूचा पडदा असतो, म्हणाले, आणि अन्ननळी खाली उतरायला त्या पडद्यात एक भोक असतं. माझं भोक इतकं रुंद झालं होतं की जवळजवळ सगळं जठर त्यातून वर छातीत जाऊन बसलं होतं. हर्निया म्हणजे बेंबीपाशी फुगतो तो, एवढंच मला माहीत होतं. हा आतल्या आत, कुणाला न दिसणारा. मला मात्र ते लगेच कळलं. वाघरीला कुठं फट पडली की आधी एक मेंढरू तोंड घालतं, मग अंग घालतं, आणि सकाळी बघावं तर निम्मी मेंढरं पलीकडे. तसंच माझ्या पोटानं केलं होतं.

श्रावणात ऑपरेशन झालं. पोटावर लहान लहान छेद घेऊन दुर्बिणीनं. जठर खाली ओढून घेतलं, भोक टाके घालून लहान केलं, वरून जाळीचा तुकडा लावला, आणि पुन्हा सरकू नये, आंबट पाणी वर येऊ नये म्हणून जठराचाच वरचा भाग अन्ननळीभोवती गुंडाळून शिवला. जाळी लावली म्हटल्यावर मला बरं वाटलं. जाळीवर माझा विश्वास आहे.

पण सर्जनला एवढं पुरेसं वाटत नव्हतं. मोठं भोक शिवलं तरी ते परत उसवू शकतं, आणि दुसऱ्यांदा शिवणं फार अवघड जातं, असं त्यांनी समजावलं. थोडं थोडं खायचं, चावून चावून खायचं. खोकला अंगावर काढायचा नाही. कुंथायचं नाही. ओकारी येईल असं काही करायचं नाही. पोटावर दाब येईल असं काहीच नको. आणि जड उचलायचं नाही.

"किती दिवस?" मी विचारलं.

"जड म्हणजे काय उचलता तुम्ही?"

मी घोडीचं ओझं सांगितलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, अगदी पाय लावून दोर ओढण्यापर्यंत. मग म्हणाले, "ते आता विसरा." माणूस चांगला होता, आवाजही मऊ होता, तरी मला त्यांचा इतका राग आला की जाताना मी नमस्कारसुद्धा केला नाही.

मी आळेफाट्याला मुलाच्या दोन खोल्यांत आले. बिऱ्हाड तेव्हा बेल्ह्यालाच होतं, पावसाळी मुक्कामाला. दुसऱ्याच दिवशी जाऊ आली, बगलेत जुनं लुगडं घेऊन. माझी दोन्ही बाळंतपणं वाटेवर, पालात झाली होती, आणि दोन्ही वेळा तिनंच माझं पोट बांधलं होतं. आमच्यात बाईचं पोट हललं की बांधतात, मग ते बाळानं हललेलं असो की आणखी कशानं. "एवढं फाडलंय आतून, आन् तसंच सोडून दिलं व्हय?" ती म्हणाली. "टाकं सुटत्याल. पोट जाग्यावर ऱ्हायला पायजे."

मुलगा गॅरेजात होता. मला डॉक्टरांचं बोलणं आठवत होतं, पण पोट बांधणं म्हणजे दाब हे माझ्या डोक्यातच आलं नाही. उलट पटलं. सैल ओझं आवळून बांधायचं असतं, हे आम्हा दोघींना जन्मभर माहीत होतं. तिनं मला उभं केलं, लुगड्याचे वेढे घातले, खाटेच्या कडेला पाय लावला आणि ओढलं. दवाखान्यात इतक्या जणांनी हात लावले होते, पण ओळखीचे हात हे पहिलेच. मला फार बरं वाटलं. मी डोळे मिटून उभी राहिले आणि म्हटलं, "आक्का, अजून जरा."

संध्याकाळपासून पाणी घशाखाली उतरेना. ढेकर अडकला. त्या ऑपरेशननंतर ढेकर सहजी येत नाही, हे तेव्हा नवीन होतं. सकाळी कोरड्या ओकाऱ्या सुरू झाल्या. मुलगा घाबरला, गाडी करून पुण्याला नेलं. जाऊ बरोबर होती. तिथं सिस्टरनं पोटावरचे वेढे सोडले तेव्हा खाली लाल वळ उठले होते. सर्जन आले, त्यांनी वळ पाहिले आणि हातानं दाखवलं. खालून असं आवळलं की पोट जाणार कुठं? वरच जाणार. टाक्यांवर जाऊन आदळणार. ते ओरडले नाहीत. मला पांढरं औषध प्यायला दिलं आणि ते आत कसं उतरतं त्याचे फोटो काढायला नेलं.

फोटो होईपर्यंत मी एकाच गोष्टीला भ्याले, की माझं परत उसवलं तर हे सगळं जावेच्या नावावर जाईल. लोक काही बोलले नाहीत तरी ती स्वतःला माफ करणार नाही. टाके धरून होते. जाळी जागच्या जागी होती. मुलानं बाहेर येऊन सांगितलं तेव्हा ती बाकावर बसली होती, मांडीवर त्या लुगड्याची घडी. तिनं नुसती मान हलवली.  परतीच्या वाटेवर नारायणगावला मुलाला म्हणाली, "काय काय करायचं न्हाई, ते मला परत सांग. समदं सांग." त्यानं सांगितलं. तिनं परत सांगायला लावलं. त्या दिवसापासून ती सर्जनपेक्षा कडक झाली.

दिवाळीनंतर बिऱ्हाड माझ्याशिवाय निघालं. मी फाट्यावरच राहिले.

इथं काही कमी नाही. नळाला पाणी येतं, सून नोकरीला जाऊनही दोन वेळा माझ्यापुरतं मऊ शिजवते, मुलगा घागर उचलू देत नाही. मी वाटीभर खाते, दोन तासांनी परत वाटीभर खाते, दिवसभर कोंबडीसारखी टिपत असते. शेजारी जेवायला बोलावतात. एकदा मासवडीचा बेत होता. दोन वड्या आणि चमचाभर रस्सा घेतला तर यजमानीण रुसली. "आमच्या हातचं आवडलं नाही वाटतं." मी तिला पडद्यातलं भोक समजावून सांगायला लागले, तर बाकीच्यांची जेवणं थांबली. आता मी सरळ उपास आहे म्हणून सांगते. आठवड्यातले सगळे देव माझे त्यासाठी वापरून झाले आहेत.

संध्याकाळी ह्यांचा फोन यायचा, रेंज असेल तिथून. मागं मेंढरांचा आवाज असायचा. मी आधी घोडीची पाठ कशी आहे ते विचारायची. "माझी पाठ बरी हाय, इचारलं न्हाईस तरी सांगतो," ते म्हणायचे. त्यांची आठवण येत नव्हती असं नाही. पण नाशिककडच्या गाड्या हॉर्न वाजवत जात असताना मी खुर्चीत बसले की मन भलत्याच गोष्टीला झुरायचं. पोत्याचा खरखरीतपणा हाताला हवासा वाटायचा. पीठ-मिठाचं वजन खांद्यात उतरतं ते हवंसं वाटायचं. घोडीच्या पलीकडून येणारा तो एक आवाज हवा असायचा. हे कुणाला सांगणार? ओझ्याची आठवण येते म्हटलं तर लोक डोक्याच्या डॉक्टरकडे नेतील. मला परत माझ्या जागी उभं राहायचं होतं, एवढंच. मी तेवढ्याचसाठी चावून खात होते, तेवढ्याचसाठी खोकला आला की धावत औषध आणत होते. माझ्या मनाशी हिशेब असा होता की मी सगळे नियम पाळले तर जागा परत मिळेल.

वर्षानं तपासणी झाली. रक्त भरलं होतं, पोट जागेवर होतं. सर्जन खूश झाले. मी पुन्हा विचारलं, या वेळी जरा चतुराईनं. "बिऱ्हाडाबरोबर गेले तर चालेल का?"

"जा की. चाला भरपूर. उचलायचं मात्र नाही."

मी त्यातलं पहिलं वाक्य तेवढं घरी आणलं.

दिवाळी झाली, बिऱ्हाड हललं, आणि त्यांचा मुक्काम खोडदला पडला. मुलानं मोटारसायकलवरून मला दुपारी तिथं सोडलं, म्हणाला उद्या न्यायला येतो. तिथल्या रेडिओ दुर्बिणीच्या भल्यामोठ्या तबकड्या आभाळाकडे तोंड करून उभ्या होत्या आणि त्यांच्या अलीकडे, कांदा काढलेल्या रानात आमची मेंढरं. कुत्र्यांनी मला ओळखलं. घोडीनं ओळखलं असं मी मानते. ह्यांनी लांबूनच काठी वर केली. मी पदर खोचला आणि चुलीकडे निघाले.

जावेनं मला हाताला धरून बाजूला नेलं, घोंगडी अंथरली आणि तिच्यावर बसवलं. सगळ्यांच्या आधी मला चहा दिला, काचेच्या ग्लासात. तो ग्लास आम्ही ज्याच्या रानात मेंढरं बसवतो त्या शेतकऱ्यासाठी ठेवलेला असतो. संध्याकाळी पुरुषांबरोबर माझं ताट वाढलं, दुधात कुस्करलेली भाकरी, अगदी माझ्या मापाची. जाऊ आणि तिची नवी सून आमचं झाल्यावर जेवल्या. मी इतकी वर्षं त्यांच्यात बसून शेवटी जेवले होते. 

सकाळी पुरुष गेले. चूल मोडली. जाऊ घोडीच्या उजव्या अंगाला उभी राहिली आणि तिची सून डाव्या अंगाला. पोरगी शहाणी, हातापायानं चांगली, पण मेंढरात वाढलेली नव्हती. जाऊ "हं" म्हणाली. पोरीचं पोतं मागून वर आलं, ओझं कललं, खाली घ्यावं लागलं. परत तेच झालं. मला काही ते बघवेना. मी उठले, पोरीला खांद्यानं बाजूला केलं आणि पोत्याला हात घातला. हाताला तो खरखरीतपणा लागला.

"धाकटे, हात काढ," जाऊ पलीकडून म्हणाली. तिला मी दिसत नव्हते, तरी तिला कळलं.

"आक्का, एक डाव."

"न्हाई."

"डॉक्टरनी सांगितलंय, टाके पक्के झालेत."

ती घोडीला वळसा घालून आली. तिनं माझी बोटं पोत्यावरून एकेक सोडवली. "मी बांदलं व्हतं तुझं पोट," ती म्हणाली. "माझ्या हातानं. तू ओकत व्हतीस आन् मी बाकड्यावर बसून देवाला म्हनत व्हते, हिच्या बदली मला ने. परत तसं बसायची ताकद न्हाई माझ्यात. तुला काय झालं तर मी कुनाशी भांडू गं?" मग डोळे पुसून, नेहमीच्या आवाजात, "उचलू नगं. हिला शिकीव. तुझी बाजू तुलाच म्हाईत."

मी शिकवलं. काय करणार? पोरीच्या मागं उभी राहिले. पोत्याखाली हात कुठं घालायचा, गुडघा कुठं लावायचा, "हं" ऐकून उचलायचं नाही तर त्याच्या आधी जाऊ नाकानं श्वास घेते तो ऐकून उचलायचं, हे सांगितलं. हे मी याआधी कुणाला सांगितलं नव्हतं. मलासुद्धा सांगताना कळलं. जाऊ "हं" म्हणाली, आणि माझे हात रिकामे असूनही माझं पोट आपोआप आवळलं गेलं. ओझं दोन्हीकडून एकदम वर गेलं आणि घोडीच्या पाठीवर सरळ बसलं.

"श्वास सोड, धाकटे," पलीकडून जाऊ म्हणाली.

मी सोडला. मग पोरीला दोर ओढताना पाय कुठं लावायचा ते दाखवलं. तिनं गाठ मारली, मी ती ओढून पाहिली, चांगली होती. कोकरं झोळीत गेली, डालगी वर चढली. निघताना पोरगी माझ्या पाया पडली आणि जावेनं माझ्या गालावरून हात फिरवला. हात नेहमीसारखाच राकट होता.

बिऱ्हाड नारायणगावच्या रस्त्याला लागलं. नुसतं चालायला मला डॉक्टरांची परवानगी होती, पण पाहुणी म्हणून रिकाम्या हातानं बरोबर जायला माझं मन झालं नाही. आमच्यात बिऱ्हाडातलं माणूस कुणाला हात हलवत नाही. चालणाऱ्याचे हात दोराला, काठीला, लेकराला गुंतलेले असतात. हात हलवतो तो मागं राहणारा, ज्याच्या रानात आपण मुक्काम केला तो. मी रिकाम्या रानात उभी होते आणि दोन्ही हात पदरात घट्ट धरून ठेवले होते. घोडी चालत होती, ओझं हलत नव्हतं. वळणापाशी जावेनं मागं वळून पाहिलं आणि ती थांबून राहिली.

मग मी हात वर केला.